बीजिंगचा बादशाही राजवाडा: कोल्हापूरहून निघण्याआधी वाचायचे परीक्षण

कोल्हापूरचा न्यू पॅलेस मन लावून पाहिला तरी दीड-दोन तासांत पाहून होतो. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेली ती काळ्या घडीव दगडाची एक देखणी इमारत, तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय, मधला घड्याळाचा मनोरा आणि भोवती मोकळे आवार. कोल्हापूरकराच्या मनात ‘राजवाडा’ म्हटले की हेच माप असते. बीजिंगला जाताना हेच माप सोबत नेले की फसगत होते. सहलीच्या छापील कार्यक्रमातही एका दिवसात चार ठिकाणे आणि त्यात ‘फॉरबिडन सिटी – २ तास’ अशी ओळ असते, आणि ती वाचून कुणाला काही वावगे वाटत नाही.

बीजिंगचा हा राजवाडा, म्हणजेच ‘फॉरबिडन सिटी’, ही एक इमारत नाही, तटबंदीतले गाव आहे. उत्तर-दक्षिण ९६१ मीटर, पूर्व-पश्चिम ७५३ मीटर, एकूण ७२ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबात जवळजवळ १७८ एकर. आत ९८० इमारती, भोवती सुमारे १० मीटर उंच तट आणि तटाबाहेर ५२ मीटर रुंद खंदक. १४०६ मध्ये योंगले बादशहाने काम सुरू केले, १४२० मध्ये ते पुरे झाले. पुढे मिंग आणि छिंग या दोन घराण्यांतले मिळून २४ बादशहा इथे राहिले. शेवटच्या पुयीने १९१२ मध्ये गादी सोडली, १९२४ मध्ये त्याला आतल्या महालांतूनही बाहेर काढले, आणि १९२५ च्या ऑक्टोबरात इथे संग्रहालय सुरू झाले. चिनी लोक या जागेला ‘गुगोंग’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला ‘फॉरबिडन सिटी’ कळेलच असे नाही, गुगोंग नक्की कळते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. तिकीट स्वस्त, वास्तू अव्वल, शिस्त कडक, आणि पाहणाऱ्याला दालनांच्या आत जवळजवळ कुठेच प्रवेश नाही. दोन तासांत दक्षिणेच्या दरवाज्यातून शिरून उत्तरेच्या दरवाज्यातून बाहेर पडणे एवढेच होते, आणि त्यात बहुतेक वेळ पुढच्या माणसाची पाठ दिसते. पाच-सहा तास काढायची तयारी असेल आणि पूर्वेकडचा भाग पाहायचा असेल तर ही जागा आयुष्यभर लक्षात राहते.

तिकिटाचे गणित नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ६० युआन, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च ४० युआन. ६० युआन म्हणजे साधारण ७०० ते ८०० रुपये. तिकीट ऑनलाइनच काढायचे. दारात जाऊन खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. भेटीच्या ७ दिवस आधी बीजिंगच्या वेळेप्रमाणे रात्री ८ वाजता त्या दिवसाची तिकिटे खुली होतात. चीनची वेळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी पासपोर्ट हाताशी ठेवून संग्रहालयाच्या अधिकृत इंग्रजी संकेतस्थळावर बसा. सुट्ट्यांच्या दिवसांची तिकिटे काही मिनिटांत संपतात. नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये असते, काहींच्या पासपोर्टवर ते पहिल्या नावालाच जोडलेले असते, आणि घाईत ते गाळले जाते. पासपोर्टचा क्रमांक एका आकड्याने चुकला तरी दारात अडवतात, कारण वेगळे कागदी तिकीट नसते. तुमचा पासपोर्ट हेच तिकीट. त्याची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. लहान मुलांचीही नोंद करावी लागते.

सकाळची आणि दुपारची वेळ वेगवेगळी निवडावी लागते. सकाळचीच घ्या. दार साडेआठला उघडते. उन्हाळी हंगामात शेवटचा प्रवेश ४ वाजता आणि बंद ५ ला, हिवाळ्यात दोन्ही अर्धा तास आधी. सोमवारी बंद, फक्त सोमवारी सरकारी सुट्टी आली तर उघडे. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि मे महिन्याची सुरुवात टाळा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग ज्याने पाहिली आहे त्याला गर्दीचे नवल वाटणार नाही, पण तिथे ती गर्दी १७८ एकरांत एकाच सरळ रेषेवर असते.

तिकीट काढतानाच ‘ट्रेझर गॅलरी’ म्हणजे खजिन्याच्या दालनाचे १० युआन जादा भरून टाका. सहल कंपनीकडून जात असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: राजवाड्यात नेमके किती तास, खजिन्याचे दालन धरले आहे का, आणि उत्तर दरवाज्यातून बाहेर पडल्यावर बस कुठे उभी राहणार. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पुढे कळेल. ‘वेळ मिळाल्यास दाखवू’ असे उत्तर आले तर दाखवणार नाहीत असेच समजा, आणि बीजिंगमधला तो एक दिवस मोकळा मागून घ्या. स्वतः जाऊन पाहणे अवघड नाही.

कोल्हापूरहून व्हिसाची कागदपत्रे मुंबईला, त्यामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेसची एक फेरी त्यासाठी धरा. ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमाने पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे प्रवास पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाला आहे. पैशांचे मात्र आधी जमवा. तिथे यूपीआय नाही. अलीपे किंवा वीचॅट घरूनच मोबाइलमध्ये घालून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. २०० युआनपेक्षा मोठ्या रकमेवर परदेशी कार्डाला ३ टक्के आकार लागतो. थोडी रोख नोटांतही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगलचे नकाशे तिथल्या वायफायवर चालत नाहीत. आपल्या सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर बहुधा चालतात, कारण तो डेटा भारतातून फिरून येतो. आणि चीनमधल्या अंतर्गत विमानप्रवासात त्यांच्या ‘३ सी’ या सुरक्षा शिक्क्याशिवायची पॉवर बँक जून २०२५ पासून काढून घेतात. आपल्याकडच्या पॉवर बँकेवर तो शिक्का सहसा नसतो.

आता प्रत्यक्ष जागेवर. आत जायचा रस्ता एकच, दक्षिणेचा वुमेन दरवाजा. मेट्रोच्या लाइन १ वर ‘तियानआनमेन पूर्व’ स्थानकावर उतरायचे, सुरक्षा तपासणी, मग तियानआनमेनच्या कमानीखालून उत्तरेकडे चालत वुमेन. स्थानकापासून वुमेनपर्यंत तपासणीसह पाऊण तास धरा. लायटर, काडेपेटी खोलीवरच ठेवा. समोरचा तियानआनमेन चौक पाहायचा असेल तर त्याची फुकट पण वेगळी नोंदणी आधी करावी लागते. राजवाड्याच्या तिकिटावर चौकात सोडतील असे धरून चालू नका. मोठ्या बॅगा आणूच नका. शिरायचे दक्षिणेला आणि निघायचे उत्तरेला, बॅगेसाठी परत येणे म्हणजे आख्ख्या तटाला बाहेरून वळसा.

वुमेनच्या आत पाच संगमरवरी पूल, पुढे ताइहेमेन दरवाजा, आणि तो ओलांडला की एकदम मोठे पटांगण उघडते. झाड एकही नाही. सावली फक्त इमारतींच्या कडेला. मे ते ऑगस्टमध्ये अकरानंतर हे पटांगण तव्यासारखे तापते, म्हणून सकाळची वेळ घ्या म्हटले. समोर तीन थरांच्या संगमरवरी चौथऱ्यावर ताइहेदियन, म्हणजे राज्याभिषेकाचा आणि मोठ्या समारंभांचा दरबार. राजवाडा बांधून झाला १४२० ला, आणि पुढच्याच वर्षी वीज पडून हे दरबार जळाले. पुढेही आगी लागत राहिल्या. आज उभी आहे ती इमारत १६९५ ते १६९७ मधली.

इथे लोकांची पहिली निराशा होते. दरबाराच्या आत सोडत नाहीत. उंबऱ्याबाहेर कठडा, आत अंधार, मध्ये सिंहासन. गाभाऱ्यात न जाता बाहेरून मुखदर्शन घ्यावे तसे. मधल्या दरवाज्यापाशी पाच-सहा माणसांचा थर आणि सगळ्यांचे मोबाइल वर. तिथे रेटारेटी करण्यात अर्थ नाही. कडेला सरका. कोनातून सिंहासन थोडे तिरके दिसते, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे सहा सोनेरी खांब, त्यांना वेढे घातलेले ड्रॅगन आणि वरचे छत जास्त निवांत पाहता येते. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या, मोबाइल या अंधारात हरतो.

आत सोडत नाहीत त्याची भरपाई बाहेर आहे, फक्त ती बघायची सवय पाहिजे. छपराच्या उतरत्या कडेवर टोकाला कोंबड्यासारख्या पक्ष्यावर बसलेला माणूस आणि त्याच्यामागे ओळीने प्राणी असतात. प्राणी जितके जास्त तितका इमारतीचा मान मोठा. ताइहेदियनवर दहा आहेत, आणि दहा प्राणी असलेली चीनमधली ही एकमेव इमारत. पुढच्या प्रत्येक महालाशी थांबून मोजा. मुलांना सोबत नेत असाल तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, कंटाळणार नाहीत. नंतर चौथऱ्याच्या कडेला बघा. तिन्ही थरांवर मिळून १,१४२ ड्रॅगनची तोंडे बाहेर काढली आहेत. ती शोभेची नाहीत, पावसाचे पाणी काढून द्यायच्या त्या पन्हळी आहेत. चौथऱ्याला मध्यापासून कडेकडे उतार दिला आहे, पाणी कठड्याच्या बुडाशी जमते आणि या तोंडांतून खाली पडते. जुलै-ऑगस्टच्या जोराच्या पावसात सगळी तोंडे एकदम वाहू लागतात. छत्री घेऊन उभे राहावे असे दृश्य आहे ते.

इमारतींच्या बाजूला मोठमोठे धातूचे रांजण आहेत. लाकडी बांधकामाला आगीची भीती, म्हणून त्यांत पाणी भरून ठेवत. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून रांजणाला पांघरूण घालून खाली विस्तव ठेवत. सोन्याचा मुलामा दिलेल्या रांजणांपाशी जाऊन नीट पाहा, पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे आहेत. १९०० मध्ये परकी फौजा शहरात शिरल्या तेव्हा संगिनींनी सोने खरवडले, त्याच्या या खुणा असे सांगतात. बोटाएवढ्या अंतरावरून दिसतात, आणि बहुतेक माणसे त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात पण ओरखडे बघत नाहीत.

मागे झोंगहेदियन आणि बाओहेदियन. बाओहेदियनच्या पाठीमागे, उत्तरेच्या पायऱ्यांमध्ये, एक अखंड कोरीव शिळा तिरकी बसवलेली आहे. लांबी १६.५७ मीटर, रुंदी ३.०७, जाडी १.७ मीटर, वजन २०० टनांहून जास्त. फांगशानच्या खाणीतून ती आणली भर थंडीत. वाटेत विहिरी खणून रस्त्यावर पाणी ओतायचे, त्याचा बर्फ होऊ द्यायचा आणि त्यावरून दगड ओढायचा. पन्हाळ्याची तटबंदी पाहून ‘एवढे दगड वर कसे नेले असतील’ असा प्रश्न पडणाऱ्यांनी इथे पाच मिनिटे थांबावे. लोक पायऱ्या उतरण्याच्या घाईत तिच्याकडे पाठ करून निघून जातात.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी तिन्ही दरबारांसाठी चौथरा चढलाच पाहिजे असे नाही. कडेच्या दरवाज्यांतून खालच्या पातळीवरूनही पुढे जाता येते, पायऱ्या कमी लागतात. उंबरे मात्र सगळीकडे उंच आहेत, खाली बघून पाय टाका.

आतल्या भागात छियनछिंग, जियाओताई आणि खुन्निंग हे तीन महाल, मग बाग. छियनछिंग महालात सिंहासनाच्या वर चार अक्षरांची मोठी पाटी आहे. योंगझेंग बादशहाने पद्धत घातली की वारसाचे नाव गुपचूप लिहून त्या पाटीमागे ठेवायचे आणि बादशहा गेल्यावरच उघडायचे. गादीवरून भाऊबंदकी काय असते हे आपल्याला कुणी सांगायला नको, त्यामुळे ही पाटी बघताना मजकूर वाचता आला नाही तरी तिचे वजन कळते. बागेत जुने देवदारासारखे सायप्रस वृक्ष आहेत, सकाळपासूनची पहिली खरी सावली इथे मिळते. पण बागेतून सरळ उत्तर दरवाज्याकडे जाऊ नका. गाइड इथेच ‘झाले’ म्हणतात. एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही.

बागेतून मागे फिरा, पूर्वेकडच्या छोट्या महालांमधून दक्षिणेला या आणि छियनछिंग दरवाज्यासमोरच्या चौकातून पूर्वेच्या जिंगयुन दरवाज्याने खजिन्याच्या दालनाकडे वळा. जादा १० युआनमुळे इथे गर्दी एकदम विरळ होते. शिरताच नऊ ड्रॅगनांची भिंत, २९.४ मीटर लांब आणि ३.५ मीटर उंच, रंगीत काचमिन्याच्या फरशांची. पूर्वेकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन शोधा आणि त्याच्या पोटाकडे बघा. एक तुकडा बाकीच्यांसारखा चकाकत नाही. तो फरशीचा नाही, लाकडाचा आहे. भाजलेली फरशी कारागिराच्या हातून फुटली, नवी भाजायला वेळ नव्हता, म्हणून लाकूड कोरून वर रंग दिला असे सांगतात. रंग आता उडाला आहे, म्हणून फरक उघड दिसतो. गुजरीतल्या किंवा कुंभारगल्लीतल्या कारागिराला ही भिंत दाखवली तर तोही आधी तिथेच बोट ठेवील.

पुढे सोन्याचे, रत्नांचे आणि जेड या मौल्यवान दगडाचे दालन. त्यात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा म्हणजे जेडचा डोंगर. उंची २२४ सेंटिमीटर, वजन ५ टनांहून जास्त. महापूर आवरणाऱ्या यू राजाची कथा त्यावर कोरली आहे, डोंगर फोडणारी, दगड वाहणारी माणसे बोटभर उंचीची. दगड शिंजियांगहून आला, यांगझोऊच्या कारागिरांनी कोरला, आणि १७८७ मध्ये पुरा झाला. काचेबाहेरून पाहावा लागतो, तरी चारी बाजूंनी फिरून पाहा. पंचगंगेचा पूर अंगणात आलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तर नक्कीच. याच भागात उत्तरेला छियनलोंग बादशहाची छोटी बाग आणि शेवटी एक अरुंद तोंडाची विहीर आहे. १९०० मध्ये झेन नावाच्या राणीचा तिथे अंत झाला. विहिरीपाशी थांबायला जागा कमी, पण मोठ्या पटांगणांपेक्षा या कोपऱ्यात राजवाड्यातले जगणे जास्त जवळून कळते. इथून बाहेर पडले की उत्तर दरवाजा हाकेच्या अंतरावर. या पूर्व भागाला दीड तास ठेवा.

संग्रहाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. इथे १८ लाखांहून जास्त वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या अगदी थोड्या. १९३३ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने १३,४९१ पेट्या भरून दक्षिणेला हलवल्या, आणि १९४८-४९ मध्ये त्यांतल्या २,९७२ पेट्या तैवानला गेल्या. म्हणून बादशाही संग्रहातल्या काही नामांकित वस्तू तैपेईत आहेत, बीजिंगमध्ये नाहीत. तशी अपेक्षा ठेवून गेलात तर रुखरुख लागणार नाही.

पायात कोल्हापुरी चप्पल नको. चामड्याचा तळ गुळगुळीत संगमरवरावर सरकतो, आणि पटांगणातल्या विटा जागोजागी उचकटलेल्या आहेत, अंगठा ठेचतो. दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज चालणे होते. रबरी तळाचे वापरलेले बूट घाला. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर (पहिला आठवडा सोडून) हवा उत्तम. जानेवारीत पारा शून्याखाली सात-आठ अंश जातो आणि पटांगणात वारा अडवायला काही नाही, पण गर्दी सगळ्यात कमी असते आणि तिकीट ४० युआन. कानटोपी, हातमोजे, आत एक थर्मल असेल तर हिवाळा वाईट नाही.

जेवणाच्या बाबतीत आमचा कौल सरळ आहे: आतल्या उपाहारगृहावर विसंबू नका. पर्याय मोजके, दुपारी रांग. भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी खोलीवरून घेऊन निघा, बागेजवळ बसून खा. पाण्याची बाटली आणि टिश्यूचे पाकीट जवळ असू द्या. बाहेर जेवताना एवढे ध्यानात ठेवा की चिनी पदार्थाच्या नावात नुसते ‘रोउ’ असेल तर ते बहुतेक वेळा डुकराचे मांस, ‘न्यू रोउ’ म्हणजे गोमांस. शाकाहारी मंडळींनी ‘मांस, मासे, अंडी, चरबी, मांसाचे पाणी नको’ असे चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेवावे. भाजी मागितली तरी ती चरबीत परतलेली असू शकते.

बाहेर पडायचे शेनवुमेन या उत्तर दरवाज्याने. रस्त्यापलीकडे जिंगशान बाग, तिकीट अवघे २ युआन. आतली टेकडी ४५ मीटरच्या आसपास, खंदकाच्या मातीतून रचलेली. वर चढायला पंधरा मिनिटे. सकाळपासून ज्याच्या पोटात फिरलात तो आख्खा राजवाडा इथून पायाखाली दिसतो, पिवळ्या कौलांच्या ओळीवर ओळी. बरेच प्रवासी थकून हे टाळतात आणि चुकतात. आमच्या मते खजिन्याच्या दालनानंतर दुसरा क्रमांक याच टेकडीचा.

शेनवुमेनसमोर मेट्रो नाही, आणि टॅक्सीला तिथे थांबू देत नाहीत. बस कुठे उभी राहणार हे आधी विचारा म्हटले ते यासाठीच. दरवाज्याबाहेर रिक्षावाले, स्वस्त सहली विकणारे आणि इंग्रजीत गोड बोलून चहाला नेणारे गाठतात. त्या चहाचे बिल हजारो रुपयांत येते, तेव्हा हसून पुढे चला. पूर्वेकडे वीसेक मिनिटे चालले की लाइन ८ चे राष्ट्रीय कलासंग्रहालयाचे स्थानक लागते. अंगात त्राण आणि दिवसाला उजेड असेल तर त्याआधी खंदकाच्या कडेने वायव्य कोपऱ्यापर्यंत जाऊन या, तिथला मनोरा मावळतीला पाण्यात पडलेला दिसतो.